पायांची चौकशी

एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात समुपदेशकाचा दिवस प्रश्न विचारण्यात जातो. गोळ्या किती उरल्या? एखादा डोस चुकला का? ताप, खोकला? जोडीदाराची तपासणी झाली? घरात कुणाला सांगितलंय? दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात मी हे प्रश्न वर्षानुवर्षं विचारले. आता नव्या समुपदेशकांशी बोलायला कधी बोलावणं येतं, तेव्हा कुणीतरी विचारतंच, की यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता. 'पाय कसे आहेत?' असं मी सांगते. एवढंच होय, हे त्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. एचआयव्हीचा आणि पायांचा संबंध काय, हे मला पुस्तकांपेक्षा पेशंटनी जास्त शिकवलं, म्हणून ते थोडं सविस्तर सांगते.

सुरुवातीचा काळ डोळ्यांपुढे आणायला हवा. सरकारनं मोफत एआरटी सुरू केली ती 1 एप्रिल 2004 रोजी. आधी जास्त लागण असलेली सहा राज्यं आणि दिल्ली. त्यात महाराष्ट्र होता, आणि मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी होतं. जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं नंतर उघडत गेली. तेव्हा औषध सरसकट सगळ्यांना मिळत नसे. प्रतिकारशक्तीच्या सीडी4 पेशी 200 च्या खाली गेल्या किंवा आजार फार पुढे गेला की मगच गोळ्या सुरू व्हायच्या. त्यामुळे आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा दोघांच्या आधारानं यायचा. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन अशी तीन औषधं एकत्र असलेली गोळी, सकाळी एक, रात्री एक. काही महिन्यांत वजन भरायचं, तोंडातले पांढरे चट्टे जायचे, आणि घरच्यांनी ज्याची आशा सोडलेली असायची तो एकटा एसटीनं येऊन रांगेत उभा राहायचा. अशा माणसानं आमच्या फार्मासिस्टलासुद्धा हात जोडावेत, यात नवल नव्हतं.

त्या तिन्हींतलं स्टॅव्ह्युडिन स्वस्त होतं आणि देण्याआधी फारशा रक्ततपासण्या लागत नव्हत्या. सरकारी व्यवस्थेला ते सोयीचं होतं. त्याला पर्याय होता झिडोव्ह्युडिनचा. पण झिडोव्ह्युडिननं रक्त कमी होतं, म्हणून हिमोग्लोबिन साधारण 9 च्या खाली असेल तर ते देता येत नसे. आता आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन डोळ्यांपुढे आणा. नवऱ्याच्या आजारपणात दागिने गेलेले, स्वतःच्या जेवणाचा पत्ता नाही, शेतमजुरी चालू. अशा बाईच्या वाट्याला स्टॅव्ह्युडिनच यायचं. कुणाच्या नसांना धोका पोचणार, हे पुष्कळदा घरातल्या ताटानं आधीच ठरवलेलं असायचं.

पायांची तक्रार गोळ्या सुरू झाल्यावर काही महिन्यांनी यायची, आणि ती आमच्यासमोर सरळ यायची नाही.

एक विधवा बाई होती, तिशी ओलांडलेली, दोन मुलं शाळेत. तारखेला हजर, गोळ्यांचा हिशेब चोख. डबी उलटी करून मोजावी तर बरोबर तेवढ्याच गोळ्या. पेशंटजवळ राहणारं तिचं नोंदींचं हिरवं पुस्तक कुणालाही नमुना म्हणून दाखवावं असं होतं. एकदा तिच्याबरोबर जाऊ आली होती. ती सहज बोलून गेली, की ही कडाक्याच्या थंडीतसुद्धा अंथरूण सोडून शहाबादी फरशीवर तळवे टेकून बसते, नाहीतर पायाला ओली फडकी गुंडाळते. मी जावेला बाहेर पाठवलं आणि विचारलं. बाई बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "ताई, रात्रीचं पाय नुसतं पेटत्यात. पांघरूण लागलं तरी सोसत नाही." कधीपासून, म्हटलं. तर दिवाळीच्या आधीपासून. म्हणजे त्यानंतर प्रत्येक महिन्याला ती माझ्यासमोर बसून 'काही त्रास नाही' असं सांगून गेली होती. आणि रात्रीची गोळी ती मधूनमधून चुलीत टाकत होती. मोजणीत फरक पडू नये म्हणून खायची नाही ती गोळी न विसरता काढून टाकायची, इतकी शिस्त.

"मग सांगितलं का नाहीस?" या प्रश्नाला तिनं जे उत्तर दिलं ते नंतर मी कितीतरी जणांकडून, वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं. "त्या गोळीनं मला उठवलं. तिचीच तक्रार घेऊन कुठल्या तोंडानं येऊ? आन् तुम्ही बंद केली असती म्हंजे?"

या उत्तरात दोन गोष्टी होत्या. एक भीती, की तक्रार केली तर औषध जाईल. ती भीती खोटी नव्हती. पहिल्या गोळ्या चालेनाशा झाल्या तर पुढची औषधं तेव्हा सहज मिळत नव्हती. दुसरी गोष्ट उपकाराची जाणीव. फुकट मिळणाऱ्या, जीव वाचवणाऱ्या वस्तूला नावं ठेवणं आपल्याकडे माजोरडेपणाचं समजतात. त्यात आमचं सगळं समुपदेशन एकाच गोष्टीवर बेतलेलं होतं: शंभरातले पंच्याण्णव डोस तरी चुकता कामा नयेत. ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच होतं, कारण डोस चुकले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. पण महिनोन्महिने तेच ऐकणाऱ्या माणसाला गोळीबद्दल काहीही वाईट बोलणं म्हणजे आज्ञाभंग वाटू लागतो. दुखणं पायात होतं आणि ते न बोलण्याचं कारण आमच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना होतं.

पुढे आमच्याकडे आलेल्या एका डॉक्टरांनी पाय तपासायची पद्धत पाडली. चपला काढायला सांगायचे, पेशंटला टेबलावर बसवायचे आणि स्वतः स्टुलावर बसून तळवे हातात घ्यायचे. कापसानं स्पर्श, टोकदार काडीनं टोचणं, घोट्यामागच्या शिरेवर छोटी हातोडी, आणि 128 हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर. थरथर थांबली की सांगा, म्हणायचे. ज्यांच्या नसा बिघडल्या होत्या त्यांना थरथर सुरू झाल्याचंच कळत नसे. या तपासणीला दोन-तीन मिनिटं लागत. पण पहिली अडचण वैद्यकीय नव्हती. डॉक्टरांनी पायाला हात लावला की पेशंट झटकन पाय ओढून घ्यायचा. "साहेब, पायाला हात नका लावू, पाप लागंल मला." ज्यांच्या हातचं पाणी भावकीत कुणी घेत नव्हतं, त्यांच्या पायाशी डॉक्टर बसलेला पाहून काही जणांना रडू यायचं. त्या टेबलावर जेवढी माहिती बाहेर आली तेवढी माझ्या खोलीत बंद दाराआडही आली नव्हती. पाय हातात घेतलेल्या माणसाला 'काही त्रास नाही' असं सांगणं कठीण जात असावं.

डॉक्टरांनी आम्हालाही समजेल असं समजावलं. कमरेतून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी नस शरीरात सगळ्यात लांब, जवळजवळ मीटरभर. तिच्या टोकापर्यंत सगळा पुरवठा मुळाकडून व्हायचा असतो, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा पेशीतल्या मायटोकाँड्रियात तयार होते. स्टॅव्ह्युडिन नेमका तिथेच घाव घालतं. कालव्याला पाणी कमी सुटलं की पहिलं रान वाळतं ते टेलच्या शेतकऱ्याचं. तसं पहिलं दुखणं बोटांच्या टोकाला येतं आणि मग वर सरकतं, दोन्ही पायांत सारखं. फार वाढलं तर हातांच्या बोटांतही मुंग्या येतात. औषध नसतानाही एचआयव्ही आणि त्यामुळे चाललेला दाह नसांना इजा करतोच, विशेषतः ज्यांचे सीडी4 फार खाली गेलेले असतात त्यांना. म्हणजे विषाणूनं आधीच कमजोर केलेल्या नसेवर औषधाचा भार पडत होता. वय जास्त आणि उंची जास्त असेल तर धोका वाढतो, हेही अभ्यासांत दिसलेलं आहे.

उंचीचं ऐकल्यावर मला एक ट्रक ड्रायव्हर आठवला. दाराच्या चौकटीत वाकून येणारा माणूस. त्याला आग कमी आणि बधिरपणा जास्त होता. ब्रेकवर पाय आहे की नाही हे कळायला त्याला खाली बघावं लागायचं. हे त्यानं मालकाला सांगितलं नव्हतं, क्लीनरला सांगितलं नव्हतं; रात्रीचा घाट उतरताना एकदा भीती बसली म्हणून आमच्याकडे बोलला. त्याचं औषध बदललं. बदलताना डॉक्टरांनी त्याला आधीच बजावलं, की पुढचे काही आठवडे दुखणं वाढल्यासारखं वाटेल, घाबरायचं नाही. ते बजावलं नसतं तर नवी गोळी बाधली असं समजून तो ती टाकून मोकळा झाला असता. स्टॅव्ह्युडिन बंद केल्यावर त्रास थोडे दिवस वाढतो आणि मग उतरू लागतो, हे त्यानंतर मी प्रत्येकाला औषध हातात देण्याआधी सांगत आले. त्याची आग गेली. बधिरपणा पूर्ण गेला नाही. त्यानं गाडी सोडली आणि भावाबरोबर पशुखाद्याचं दुकान टाकलं. नस पुन्हा वाढते ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, आणि तीही वाढेलच असं नाही.

जगभरातून अशाच तक्रारी जमत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 च्या सुमारास सगळ्यांना कमी, म्हणजे 30 मिलिग्रॅमचाच डोस द्यायला सांगितलं, आणि 2009 च्या अखेरीस हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करण्याची शिफारस केली. आपल्याकडेही पुढच्या काही वर्षांत ते गेलं, टेनोफोव्हिर आलं. नव्या पेशंटमध्ये पाय जळण्याच्या तक्रारी स्पष्ट कमी झाल्या. पण ज्यांनी आधीची वर्षं त्या गोळीवर काढली होती, त्यातल्या अनेकांच्या पायात ती वर्षं राहिली. एक बाई हसून म्हणाली होती, "गोळी सरकारनं परत घेतली, दुखणं माझ्याकडंच ठेवलं."

या दुखण्याला औषध काय? इथे मला आकडेवारीपुढे मान तुकवावी लागते. रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिन आम्ही खूप जणांना दिली. तुलनात्मक चाचण्यांत एचआयव्हीच्या या दुखण्यावर ती नुसत्या साध्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. महागड्या प्रेगाबालिनचंही तेच झालं. ज्या उपायाला चाचण्यांनी बऱ्यापैकी कौल दिला तो म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याची, कॅप्सायसिनची तीव्र पट्टी. ती आमच्या केंद्राच्या कपाटात कधी आली नाही. तरी अमिट्रिप्टिलिननं काहींना झोप लागली, आणि झोप लागली की सकाळ सोसवते. तिची वेगळीच अडचण होती. गावातल्या औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठी पाहून 'ही वेड्यांची गोळी आहे' असं सांगितलं की पेशंट ती नदीत सोडायचा. म्हणून गोळी देताना मी ते वाक्य स्वतःच आधी सांगून टाकायचे: हिचं नाव ऐकून लोक असं म्हणतील, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही.

खासगी दवाखान्यांत ताकदीच्या सुया आणि सलाईन घेऊन लोकांनी शेळ्या विकलेल्या मला माहीत आहेत. तिथे एचआयव्ही सांगायचा नाही, फक्त 'पायात मुंग्या येतात' म्हणायचं, मग दुसरं काय होणार? ज्यांनी पैसे जमवून मोठ्या शहरात नसांची विजेवरची तपासणी करून घेतली, त्यातले काही 'नॉर्मल' असा रिपोर्ट आणि 'मनाचे खेळ आहेत' असा शेरा घेऊन परत आले. त्या तपासणीत जाड नसा दिसतात. आग आणि टोचणी वाहणाऱ्या बारीक नसा दिसत नाहीत. हे वाक्य मी कित्येकांना समजावून सांगितलं. रिपोर्ट खोटा नाही आणि तुम्हीही खोटे नाही, एवढं ऐकून माणूस खुर्चीत सैल व्हायचा.

काळजी कशी घ्यायची हे मात्र आम्हाला कुष्ठरोग विभागातल्या एका जुन्या तंत्रज्ञानं शिकवलं. त्याच्याकडे आम्ही एका शेतकऱ्याला पाठवलं होतं, कारण एका पायाची चप्पल निसटलेली त्याला कळत नसे. तंत्रज्ञानं पायाकडे बघण्याआधी कोपरामागची नस बोटानं चाचपली, ती जाड लागली, मग पाठीवरचा फिकट, बधिर चट्टा दाखवला. कुष्ठरोग. एआरटीनं प्रतिकारशक्ती सावरू लागली की दडून बसलेला कुष्ठरोग कधीकधी असा उघडा पडतो. त्या शेतकऱ्यानं डोक्याला हात लावला: "एक काय कमी होतं का?" पण या दुसऱ्या आजाराला ठरलेल्या मुदतीचा, पूर्ण बरं करणारा उपचार होता, हे त्याला पटायला वेळ लागला. तो तंत्रज्ञ नंतर आमच्या पेशंटनाही शिकवायला यायचा. रोज रात्री तळवे आरशात बघा. पाणी पायानं नाही, कोपरानं जोखा. चुलीजवळ बसताना पाय मागे घ्या. पाण्यात भिजवून तेल लावा, भेगा पडू देऊ नका. अनवाणी उसात जाऊ नका. त्याच्याकडे मऊ एमसीआर रबराच्या चपला होत्या, पण त्या घालायला आमचे लोक तयार नसत. ती चप्पल गावात 'महारोग्याची' म्हणून ओळखली जायची. शेवटी कुणी साध्या चपलेच्या आत तसलं रबर बसवून घेतलं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नसे.

पायांची चौकशी करता करता बाकीच्या नसाही समजत गेल्या. तरुण माणसाला नागीण उठते तेव्हा एचआयव्हीची तपासणी सुचवावी, हे आता पुष्कळ डॉक्टरांना ठाऊक आहे. गावात मात्र नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, या समजुतीनं आधी काव फासली जाते, आणि विषाणूविरोधी औषधाचे पहिले मोलाचे दिवस निघून जातात. फोड सुकतात, नसेतली कळ महिनोन्महिने राहते. सदरा अंगाला लागला तरी माणूस दचकतो. एक तरुण पायांतून सुरू होऊन वर चढणारा लुळेपणा घेऊन आला, त्याला तातडीनं वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावं लागलं. त्याचे सीडी4 चांगले होते. एचआयव्ही असल्याचं त्याला त्या आजारपणातच समजलं. नसांचा हा प्रकार लागणीच्या सुरुवातीलाही होतो, हे त्याच्यामुळे माझ्या पक्कं लक्षात राहिलं.

टीबीच्या औषधांचं प्रकरण साधं होतं आणि म्हणूनच जास्त हळहळ वाटायची. आयसोनायझिडनं बी6 जीवनसत्त्व कमी पडतं आणि नसा दुखावतात. म्हणून सोबत पायरिडॉक्सिनची छोटी गोळी देतात. एका आजोबांनी एवढ्या गोळ्या पाहून आपणच छाटणी केली, आणि 'ही नुसती ताकदीची आहे' म्हणून नेमकी तीच काढून टाकली. वर संध्याकाळची देशी चालू होती. पाय सुन्न पडल्यावर धावपळ झाली. तेव्हापासून ती छोटी गोळी देताना मी ती पेशंटच्या तळहातावर ठेवून सांगू लागले, की ही पायांची गोळी आहे. 'ताकदीची' म्हटलं की टाकतात, 'पायांची' म्हटलं की घेतात.

आता चित्र बदललंय. 2017 पासून सीडी4 कितीही असले तरी औषध मिळतं, 2018 पासून व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची तपासणी नियमित झाली, डोल्युटेग्रॅव्हिर असलेली दिवसाला एक गोळी आली. सुरुवातीचे पेशंट पन्नाशी-साठीत पोचले आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांनी पायांच्या दुखण्याला घरी 'शुगर आहे' असं सांगून वेळ मारून नेली होती. आता त्यांतल्या काहींना खरोखरच मधुमेह झालाय. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की नसांना लागणारं बी12 कमी होऊ शकतं. माळकरी माणूस दूध-दह्यालाही महाग असेल तर ते आधीच कमी असतं. आणि डोल्युटेग्रॅव्हिरमुळे रक्तातलं मेटफॉर्मिन वाढतं, म्हणून त्याचा डोस बेतानं ठेवावा लागतो. हट्टी टीबीसाठी लिनेझोलिड सुरू असेल तर तेही नसांना जाचतं. त्यामुळे पाय जळतात म्हटल्यावर 'एचआयव्हीचंच असणार' म्हणून सोडून देणं आता जास्त धोक्याचं आहे. बी12 ची कमतरता भरून काढता येते, साखर आटोक्यात आणता येते, औषध बदलता येतं. पण यातलं काहीही करायला आधी तक्रार कुणाच्या तरी कानावर पडायला लागते.

म्हणून नव्या समुपदेशकांना मी शेवटी एकच सांगते. 'काही त्रास नाही ना?' असं विचारू नका. त्या 'ना' मध्ये उत्तर आधीच दिलेलं असतं. रात्री पांघरूण सोसतं का, चप्पल निसटलेली कळते का, फरशी गार लागते का, असं विचारा आणि उत्तर केंद्रात राहणाऱ्या पांढऱ्या नोंदकार्डावर लिहा, म्हणजे पुढच्या महिन्यात दुसरं कुणी बसलं तरी त्याला ते दिसेल. आणि औषधाबद्दल कुरकुर करणाऱ्या पेशंटवर नाराज होऊ नका. आमच्याकडची ती फरशीवर बसणारी बाई पुढे गोळ्या बदलल्यावर सुधारली. मुलगी नर्सिंगला गेली. अलीकडे ती प्रत्येक भेटीत काहीतरी गाऱ्हाणं आणते. गोळी मोठी आहे, रांग लांब आहे, कोमट पाण्यानं पित्त होतं. तिच्या व्हायरल लोडच्या तपासणीत विषाणू सापडत नाही. 'काही त्रास नाही' म्हणत रात्रीची गोळी चुलीत टाकणाऱ्या पेशंटपेक्षा, तोंडानं भांडणारी आणि गोळी न चुकता घेणारी ही बाई मला कितीतरी पटीनं जास्त विश्वासाची वाटते.